उलटलेला कर्करोग आणि रेडियमची सुई

चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता. त्याच जिल्ह्यांतील निपाणीची तंबाखू सर्वश्रुत आहे. तंबाखू चघळण्यानें तोंडाचा कर्करोग जडतो, आणि बरा झाला असें वाटत असतांच कधीं कधीं उलटतो. अशा रोग्याची अडचण विलक्षण असते. पहिल्या खेपेस बाहेरून दिलेल्या किरणांनीं जबड्याची सहनशक्ति सरलेली असते. पुन्हा तेच द्यावे, तर हाड कुजण्याचें भय.

यावरील तोड जुनीच आहे. १८९८ सालीं क्यूरी दंपतीनें रेडियम शोधिलें. पुढें शस्त्रवैद्य त्याच्या सुया प्रत्यक्ष गांठींत खोंचूं लागले. अंतर दुप्पट झालें कीं किरणांचा जोर चतुर्थांश उरतो. म्हणून गांठ जळते, शेजार बराचसा वांचतो. मात्र त्या किरणांनीं वैद्यांचीं बोटेंही भाजत. मग आधीं पोकळ नळ्या बसवून मागाहून इरिडियम भरण्याची युक्ति निघाली. रेडियमचें तेज निम्में होण्यास १६०० वर्षें लागतात, या इरिडियमचें ७४ दिवसांत होतें.

मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा रुग्णालय उघडलें. १९६२ त तें अणुशक्ति खात्याकडे गेलें, आणि किरणद्रव्य व वैद्य एका छत्राखालीं आले. तथापि हा उपाय मुख्यतः लहान, सुई पोंचेल अशा गांठीसच लागू पडतो. चंदगडहून मुंबईची वाट लांब आहे. तोंडांतील न भरणारा व्रण मात्र वाट पाहत नाहीं.