घर : विशेष शिक्षणाची पहिली शाळा

कोणत्याही शैक्षणिक कार्याचा इतिहास लिहिताना इमारतींच्या पायाभरणीच्या तारखा, देणगीदारांची नावे आणि विद्यार्थ्यांची वाढती संख्या यांची नोंद प्रथम होते. विशेष शिक्षणाचा इतिहास मात्र याहून निराळा आहे. त्याचा प्रारंभ बहुतेक वेळा एखाद्या घराच्या आतल्या खोलीत झालेला आढळतो. जे मूल पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्या खोलीत ठेवले जाई, त्याच मुलाच्या आईने एके दिवशी दार उघडले आणि तिथून शाळा उभी राहिली. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणात कुटुंबाचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा इतिहास डोळ्यांखालून घालणे उपयुक्त ठरेल.

भारतात आधुनिक पद्धतीच्या विशेष शाळांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८८५ मध्ये मुंबईतील माझगाव येथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. दोन वर्षांनी, १८८७ मध्ये, अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी महिलेने अंध मुलांची शाळा सुरू केली. १९०० मध्ये मुंबईत ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. या प्रवर्तकांचे ऋण मोठे आहे. ज्या काळी अंध मुलापुढे परावलंबनाखेरीज दुसरा मार्ग क्वचितच असे, त्या काळी त्यांनी त्याच्या हाती पाटी आणि हस्तकला दिली. तथापि या शाळांची घडण प्रामुख्याने निवासी आणि धर्मादाय स्वरूपाची होती. मूल घरातून उचलून संस्थेत ठेवले जाई. शिकविण्याचे काम संस्थेचे आणि मुलाची वाट पाहण्याचे काम घराचे, अशी विभागणी होऊन गेली.

अंध व कर्णबधिर मुलांसाठी निदान ही दारे तरी उघडली होती. ज्या मुलाच्या बुद्धीची वाढ मंद गतीने होते, त्याच्यासाठी मात्र दीर्घकाळ फारसे कोणी पुढे आले नाही. असे मूल शिकू शकते, हेच समाजाला मान्य नव्हते. 'पूर्वजन्मीचे भोग' असे म्हणून विषय मिटविला जाई, आणि त्या भोगाचा दोष बहुधा आईच्या पदरी पडे.

येथे शिक्षणशास्त्राच्या इतिहासातील एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये इतार या वैद्याने जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकविण्याचा प्रयोग केला. त्यांचे शिष्य सेगँ यांनी मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसाठी स्पर्श, दृष्टी आणि हालचाल यांतून शिकविण्याची पद्धत बसविली. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी ही पद्धत प्रथम अशाच मुलांसाठी वापरली आणि १९०७ मध्ये रोममधील बालगृहात ती सर्वसाधारण मुलांसाठी आणली. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी माँटेसरींच्या विचारांचा आधार घेतला. म्हणजे आपल्या बालवाडीत मुले जी मण्यांची माळ ओवतात किंवा ठोकळ्यांचा मनोरा रचतात, त्या पद्धतीचे मूळ अपंग मुलांच्या शिक्षणात आहे. समाजाने या मुलांना काही दिले, हे खरे. पण त्याआधी या मुलांमुळे समाजाला मिळालेले हे देणे विसरता येत नाही.

१९४४ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. मुंबईतील एका पारशी कुटुंबात दीना नावाची कन्या होती. तिला डाउन सिंड्रोम होता. तिला सामावून घेणारी शाळा मिळेना, तेव्हा तिची आई जय वकील यांनी शाळा स्वतःच्या घरीच सुरू केली. आज शिवडी येथे असलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी मोठी संस्था ही त्या घरगुती वर्गाची परिणती होय. त्या काळाचा विचार केला म्हणजे या पावलाचे मोल कळते. डाउन सिंड्रोमचे वर्णन १८६६ मध्ये झाले असले, तरी त्याचे कारण १९४४ साली विज्ञानाला ठाऊक नव्हते. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्याने ही अवस्था उद्भवते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जेरोम लेज्यून यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या आईजवळ कारण नव्हते, उपाय नव्हता आणि पुढे गेलेले कोणी उदाहरणही नव्हते, तिने केवळ मुलीवरील विश्वासाच्या बळावर शाळा काढली.

सुमारे तीन दशकांनी मुंबईतच याची पुनरावृत्ती झाली. मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिला जन्मतः सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसण्याची अवस्था होती. येथील वैद्यकीय मत निराशेचे होते. कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे मुलीची बुद्धी शाबूत असल्याचे निष्पन्न झाले आणि तिला शाळाही मिळाली. आईने स्वतः विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले. भारतात परतल्यावर मुलीला योग्य शाळा नाही, हे पाहून त्यांनी १९७२ च्या गांधीजयंतीस स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची पहिली शाळा कुलाबा येथे सुरू केली. आरंभी विद्यार्थी अवघे तीन होते. एकाच छताखाली शिक्षण आणि उपचार ही या शाळेची घडण होती. मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, इंग्लंडमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी आत्मचरित्र सिद्ध केले. ज्या मुलीविषयी आशा सोडण्याचा सल्ला मिळाला होता, तिची ही वाटचाल आहे.

या कार्याचा प्रसार पुढे कोलकाता, दिल्ली, बंगळूर आणि चेन्नई येथे झाला. चेन्नईत १९८५ मध्ये पूनम नटराजन यांनी आपल्या अपंग मुलाच्या निमित्ताने हे काम हाती घेतले. तेच 'विद्यासागर' या नावाने वाढले. त्याच नगरीत १९६९ मध्ये निघालेल्या बाल विद्यालय या कर्णबधिर बालकांच्या शाळेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. तेथे मुलाबरोबर आईलाही वर्गात बसविले गेले. यामागचा तर्क सरळ आहे. ज्याला ऐकू येत नाही, त्या मुलाला भाषा द्यायची असेल, तर शाळेचे चार-पाच तास पुरत नाहीत. अंघोळ, जेवण, बाजारहाट, अंगणातील खेळ या प्रत्येक प्रसंगी त्याच्याशी बोलले गेले पाहिजे. हे शिक्षक करू शकत नाही, ते घरालाच करावे लागते.

याच सुमारास, १९६९ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या गावी अशाच विचाराची एक पद्धत आकारास आली. खेडी विखुरलेली असल्याने मुलांना केंद्रात आणणे कठीण होते. म्हणून शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाई, आई-वडिलांना त्या आठवड्याचा धडा समजावून देई, आणि शिकविण्याचे प्रत्यक्ष काम पालकच करीत. भारतासह अनेक देशांनी ही पद्धत स्वीकारली.

विशेष शिक्षणाचे तंत्र पाहिले, तर कुटुंबाचा सहभाग ही केवळ भावनेची बाब नाही, हे स्पष्ट होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सदऱ्याचे बटण लावायला शिकवायचे आहे, असे समजा. शिक्षक या कृतीचे लहान टप्पे पाडतो. बटण धरणे, काजाजवळ नेणे, अर्धे आत घालणे, दुसऱ्या बाजूने ओढून घेणे. पुष्कळदा शेवटचा टप्पा प्रथम शिकविला जातो. बाकीचे शिक्षक करतो आणि अखेरची ओढ मुलाकडून करवून घेतो. त्यामुळे काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकेक टप्पा मागे सरकत जातो. मद्रास येथे तयार झालेल्या आणि देशभर वापरल्या गेलेल्या मूल्यमापन पद्धतीत दैनंदिन जीवनाची १८ क्षेत्रे व त्यांतील ३६० कौशल्ये अशाच बारकाईने मांडलेली आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा तयार होतो.

आता शाळेत मूल तीन टप्पे शिकले आणि घरी वेळ नाही म्हणून, किंवा मायेपोटी, आईने किंवा आजीने रोज स्वतःच बटणे लावून दिली, तर शाळेची मेहनत तिथेच विरते. अतिलाड आणि उपेक्षा या दोन टोकांच्या गोष्टी दिसतात, पण परिणाम दोहोंचा एकच होतो : मूल परावलंबी राहते. याउलट घरातील प्रत्येक जण तोच टप्पा त्याच रीतीने करवून घेत असेल, तर प्रगती स्थिरावते. या कामात वडिलांचा वाटा फार काळ दुर्लक्षित राहिला. मुलाला शाळेत नेणे, उपचारांना बसणे, शिक्षकांशी बोलणे हा सारा भार आईवर आणि खर्चाची तजवीज तेवढी वडिलांकडे, अशी रीत अनेक घरांत पडली. भावंडांचीही कुचंबणा होते. त्यांच्या वाट्याला कमी वेळ येतो आणि मोठेपणीच्या जबाबदारीची चिंता लहानपणीच येते. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणे हाही कुटुंबाच्या सहभागाचाच भाग होय.

पालकांच्या चळवळीचा ठसा पुढे कायद्यावर उमटला. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची एकात्म शिक्षण योजना आणली. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला व विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला शिस्त आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. त्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि ६ ते १८ वर्षे वयाच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. धर्मादाय म्हणून सुरू झालेली गोष्ट हक्क म्हणून मान्य होण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

या सर्व कायद्यांत पालकांच्या काळजाला सर्वाधिक भिडणारा कायदा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा होय. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. अशा मुलाच्या प्रत्येक आई-वडिलांच्या मनात एक प्रश्न रात्रंदिवस असतो : आमच्या पश्चात याचे काय? मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आई-वडीलही त्याचे आपोआप पालक उरत नाहीत. या कायद्यान्वये जिल्हास्तरीय स्थानिक समिती कायदेशीर पालकाची नेमणूक करू शकते. आपल्या मुलासाठी चेन्नईत काम उभे करणाऱ्या पूनम नटराजन पुढे याच राष्ट्रीय न्यासाच्या अध्यक्षा झाल्या. एका घरातील प्रश्न देशाच्या व्यवस्थेपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. इतके असूनही अनेक कुटुंबे अर्जाची वाट पुढे ढकलत राहतात, कारण तो अर्ज भरणे म्हणजे स्वतःच्या मृत्यूचा विचार करणे असते. हा विचार कठीण आहे. पण तो वेळेवर केला नाही, तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

दान देण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. शाळेला खोली, वसतिगृहाला अन्न, गरजूला साधन हे सारे आवश्यकच आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या प्रत्येक कार्याच्या मुळाशी पैशाआधी दुसरे काही होते. कोणीतरी आपले मूल लपविणे थांबविले होते. ज्या विवाहसमारंभात, ज्या धर्मसभेत असे मूल आई-वडिलांसोबत येते आणि त्याच्याकडे वळून न पाहता त्याच्या शेजारी कोणी सहज बसते, तेथे त्या कुटुंबाचे अर्धे ओझे उतरते. शाळा मुलाला शिकवील, कायदा त्याला हक्क देईल. त्याला आपल्यात बसवून घेणे हे काम मात्र घरानंतर समाजाचेच आहे. १९४४ साली एका आईने घराचे दार उघडले. ते दार उघडे ठेवण्याची जबाबदारी आता सर्वांची आहे.