झामरिन बंद झाले, आता कोणते टूल घ्यावे?



परदेशातल्या अनेक मराठी मंडळांची मोबाईल अ‍ॅप्स सभासदांनीच शनिवार-रविवारी बसून तयार केलेली असतात. आमच्या मंडळाचे अ‍ॅपही त्यातलेच. सभासदांची यादी, मराठी शाळेचे वेळापत्रक, गणेशोत्सवाच्या जेवणाची कुपने, सगळे त्यातच! ते झामरिनमध्ये लिहिले होते. हे टूल बंद झाल्यावर आम्ही जी शोधाशोध केली, ती इतर मंडळांना आणि या क्षेत्रातल्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

अडचण नेमकी काय?

झामरिन कंपनी २०११ साली स्थापन झाली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. सी शार्प भाषेत एकदा कोड लिहायचा आणि आयफोन व अँड्रॉइड दोन्हींवर चालवायचा, ही तिची खासियत. १ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने झामरिनचा सपोर्ट थांबवला. फोनवर आधीच असलेले अ‍ॅप लगेच बंद पडत नाही, पण ते सुधारता येत नाही. अ‍ॅपलने एप्रिल २०२५ पासून नवीन आवृत्तीसाठी एक्सकोड १६ सक्तीचे केले, आणि झामरिनची मजल एक्सकोड १५ पर्यंतच आहे. गुगल प्लेचीही अट दरवर्षी पुढे सरकते. म्हणजे कुपनाच्या पानात एक चूक सापडली तरी दुरुस्ती सभासदांपर्यंत पोचवता येणार नाही!

पर्याय कोणते?

१. डॉट नेट माउई: झामरिनचा थेट वारसदार, मे २०२२ मध्ये आला. भाषा तीच, सी शार्प. पडद्यामागचा बराचसा कोड तसाच चालतो, पण पडद्यांची मांडणी, खास घडवलेली बटणे आणि बाहेरून घेतलेली पॅकेजेस तपासावी लागतात. दरवर्षी नवी आवृत्ती येते व जुनीचा सपोर्ट लवकर संपतो, त्यामुळे वर्षातून एकदा डागडुजी ठरलेली. मॅकसाठीचा व्हिज्युअल स्टुडिओ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला असून तेथे आता व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरता येतो.

२. फ्लटर: गुगलचे. पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. भाषा डार्ट. पडद्यावरचे सगळे स्वतःच रंगवते, म्हणून दोन्ही फोनांवर अ‍ॅप सारखेच दिसते. मात्र कोड पहिल्यापासून लिहावा लागतो.

३. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह: फेसबुकने २०१५ मध्ये खुले केले. जावास्क्रिप्ट येणारे स्वयंसेवक भरपूर मिळतात. फोनची स्वतःचीच बटणे व मजकूर वापरते.

४. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म: जेटब्रेन्सचे, नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर जाहीर झाले. अँड्रॉइड येणाऱ्यांना सोयीचे.

निवडताना काय पाहावे?

सर्वांत आधी माणसे पाहा, टूल नंतर. पुढची तीन वर्षे अ‍ॅप कोण सांभाळणार आणि त्यांना कोणती भाषा येते? आमच्याकडे दोघांना सी शार्प येते, म्हणून आम्ही माउई घेतले. शून्यापासून सुरुवात असती तर फ्लटरचाही विचार केला असता.

दुसरे, एक आठवडा देऊन एकच अवघड पान करून पाहा. आम्ही कुपनाचे पान घेतले. त्यात 'दऱ्या', 'ऱ्हास', 'श्री', 'क्ष', 'ळ' नीट उमटतात का, आणि आजी-आजोबांनी अक्षर मोठे केल्यावर पान विस्कटते का, हे पाहिले.

तिसरे, आयफोनसाठी यातले काहीही घेतले तरी मॅक लागतोच. अ‍ॅपलची फी वर्षाला ९९ डॉलर, तर गुगल प्लेची एकदाच २५ डॉलर. अमेरिकेसह काही देशांत, फक्त मोफत अ‍ॅप्स देणाऱ्या ना-नफा संस्थांना अ‍ॅपलची फी माफ होऊ शकते. जरूर अर्ज करावा.

किल्ल्या सांभाळा!

नवे अ‍ॅप जुन्याच्या जागी अपडेट म्हणून यायचे असेल तर अ‍ॅपची ओळख व अँड्रॉइडची सही करायची किल्ली तीच हवी. नाहीतर प्रत्येक सभासदाला नवे अ‍ॅप शोधून घ्यावे लागेल. आमची किल्ली एका माजी सभासदाच्या जुन्या लॅपटॉपवर होती, आणि तो लॅपटॉप टाकून द्यायला काढला होता! थोडक्यात वाचलो. आता खाती मंडळाच्या नावावर आहेत आणि किल्लीची प्रत दोन पदाधिकाऱ्यांकडे आहे.

जुन्या अ‍ॅपमध्ये साठवलेला पासवर्ड नव्यात आपोआप येईलच असे नाही. पुन्हा लॉगिन करावे लागेल, हे सभासदांना आधीच कळवा. आणि बदल गणपतीच्या आठवड्यात मुळीच करू नका!

टूल आज ना उद्या बदलणारच. म्हणून पडद्यांचा कोड आणि हिशेबाचा कोड वेगळा ठेवा. पुढच्या पिढीतल्या स्वयंसेवकांचे काम तेवढेच हलके होईल.