उपनगर कोणाचे, वेस कोणाची?

आजऱ्याला वर्गात शहरांचा इतिहास शिकवत होतो. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गावात वेशीबाहेर राहतो तो हलका आणि मुंबईबाहेर उपनगरात राहतो तो मोठा, हे कसे?" प्रश्न भाबडा नव्हता. माझे आजोबा याच तालुक्यातल्या महारवाड्यातून गिरणीत कामाला गेले. तेही घाटकोपरच्या कडेला, शहराबाहेरच राहिले; पण त्यांच्या वस्तीला कोणी उपनगर म्हटले नाही. ती झोपडपट्टी.

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास आगगाडीपासून सांगण्याची रीत आहे. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1925 मध्ये विजेची लोकल आली आणि शहर उत्तरेला सरकले. हे खरे, पण अर्धे. रुळांनी वाट दिली; जागा वेगळ्या हातांनी वाटली.

1896 मध्ये प्लेग आला. माणसे मेली, उरलेली गावी पळाली, गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा सरकारने 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडल्या, मजुरांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला ऐसपैस भूखंड आखले. तेथे पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी उभ्या राहिल्या. बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत वर्षानुवर्षे राहिले आणि 1930 च्या दशकात हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले. चाळही ट्रस्टची, कॉलनीची आखणीही ट्रस्टची. मधले अंतर थोड्या मैलांचे. ते ओलांडायला परदेशच्या पदव्या आणि बॅरिस्टरी लागली. बाकीच्या समाजाने ते कशाच्या बळावर ओलांडायचे?

दुसरे साधन सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे. 1915 मध्ये गावदेवीला सारस्वतांची सोसायटी निघाली, 1918 मध्ये वांद्र्याला साष्टीच्या कॅथलिकांची. मध्यमवर्गाला घर मिळवण्याचा हा मार्ग चांगलाच होता. पण सभासद आपल्यातला, भांडवल आपले, म्हणून शेजारही आपलाच. ज्या जातीकडे भांडवल नव्हते तिला सोसायटीही नव्हती. अशा रीतीने जात गाव सोडून पोटनियमांत राहायला आली. 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला.

आमच्या वाट्याला आल्या त्या शहराच्या नकोशा कडा. देवनारला 1927 पासून शहराचा कचरा पडत आला. कातडी कमावण्याचा धंदा धारावीच्या दलदलीत गेला. 1950 आणि 1957 मध्ये पालिकेची हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. कडा शहराच्या पोटात आल्या, जमिनीला भाव आला आणि तिथली माणसे अनधिकृत ठरली. 1976 मध्ये, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी पाडून रहिवाशांना चिता कॅम्पला हलवले. तेथे पूर्वी वसवलेली माणसेही शहरातून उठवलेलीच होती.

हे केवळ आपल्याकडचे नाही. ज्या ब्लॅक पँथरवरून 1972 मध्ये दलित पँथरने नाव घेतले, त्यांच्या अमेरिकेतही हेच घडले. न्यूयॉर्कबाहेर 1947 पासून लेव्हिटटाऊन हे उपनगर उभे राहिले. घरे 17,000 हून अधिक, कर्जाला सरकारची हमी आणि करारात अट अशी की गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये. अशा अटी न्यायालये अमलात आणू शकत नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये सांगितले. तरी 1960 मध्येही तिथली वस्ती जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांचीच होती. गोरे बाहेर गेले, काळे शहरात कोंडले गेले.

म्हणजे आपल्या गावात आम्ही बाहेर, तिथे काळे आत. प्रतिष्ठा आत किंवा बाहेर असण्यात नसते. वेस आखण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याची बाजू प्रतिष्ठेची ठरते. माझा चुलत भाऊ अलीकडे मुंबईच्या उपनगरात भाड्याने घर पाहायला गेला. आधी आडनाव विचारले, मग मटण खाता का, आणि मग घर आधीच गेले असे सांगितले. वेस अजून शाबूत आहे. तिला आता फाटक आणि रखवालदार आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना मी एक काम दिले आहे, तेच कार्यकर्त्यांनाही सुचवतो. आपापल्या तालुक्याच्या गावी नवे प्लॉट पडतात तिथे जा. जमीन कोणाची होती, आराखडा कोणी मंजूर केला, प्लॉट कोणाला मिळाले, हे सातबाऱ्यावरून लिहून काढा. आपली वेस कुठे आखली जात आहे, हे ती आखून होण्यापूर्वी कळले पाहिजे.