फियाट आणि पिकअप : पार्किंगमधले दोन शेजारी

गेटातून आत आलं की उजव्या हाताला माझी 1986 सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिच्या शेजारी सी विंगमधल्या भाजीचा व्यापार करणाऱ्या सभासदांची बोलेरो पिकअप. मागच्या सर्वसाधारण सभेत या पिकअपवरून बरीच गरमागरमी झाली. ‘मालवाहू गाडी आवारात नको’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण स्मरणिकेसाठी फियाटचा इतिहास लिहायला बसलो आणि माझं मत बदललं.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ मोटारी आणि मालट्रक तयार होत. म्हणजे माझी पद्मिनी ज्या घरात जन्मली, त्या घरात ट्रक तिच्याआधी नांदत होता! फियाटशी करार नंतरचा. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली, 1970 च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. लोक मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. परवाना राजच्या त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. 1983 च्या अखेरीस मारुती आली आणि फियाटची सद्दी संपत गेली. आपल्या संस्थेची नोंदणी झाली त्याच सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस निवृत्त झाली.

पिकअपचं घराणंही मुंबईचंच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी इथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. बोलेरो त्याच परंपरेतली.

आता दोघींची तुलना. फियाटचं पेट्रोल इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. पिकअपचं डिझेल इंजिन अडीच लिटरचं. फियाटचं वजन नऊशे किलोच्या आत-बाहेर. पिकअप त्याहून जास्त माल नुसता पाठीवर घेते. फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं बसत. थंडीत चोक ओढायचा, नाहीच ऐकली तर धक्का मारायचा. कार्बोरेटर साफ करणं, पॉइंट घासणं ही कामं मी स्वतः करतो. पिकअपच्या इंजिनावर संगणकाचं नियंत्रण. दोष शोधायला मेकॅनिक आधी स्कॅनर लावतो. पण सकाळी साडेतीनला ती एका चावीत सुरू होते. माझी फियाट त्या वेळी काय करेल, सांगता येत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत आवारात गाड्या मोजक्याच होत्या. बाळंतीण असो की छातीत दुखणारे आजोबा, रात्री-अपरात्री माझीच बेल वाजायची. गॅस सिलिंडर, गाद्या, संस्थेचा गणपती, सगळं फियाटमधून आलं. ‘ही खासगी गाडी, माल नको’ असं तेव्हा कुणीच म्हटलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तेच काम पिकअपने केलं. गेटपाशी भाजी उतरायची, आपण पिशव्या घेऊन रांगेत उभे राहायचो. त्या रांगेत मीही होतो, आणि सभेत हे साफ विसरलो होतो.

माझी फियाट आता महिन्यातून एकदा निघते. पिकअपवर एक घर चालतं. ठराव पुन्हा येईल, तेव्हा माझा हात पिकअपच्या बाजूने वर जाईल. वळायला जागा कमी पडत असेल, तर फियाट मागच्या भिंतीलगत घेतो. धक्का मारायला मात्र चार जण या!