सील, बोलिंग आणि पाचोळा

"म्हाताऱ्या माणसांसाठी रोबो" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्रेमधून चहा आणून देणारा पत्र्याचा गडी उभा राहतो. चित्रपटांनी ती सवय लावली आहे. प्रत्यक्षात परदेशातल्या वृद्धाश्रमांमध्ये ज्या यंत्रांनी घर केलं, त्यातलं एकही चहा आणत नाही. एक नुसत्या पापण्या मिटतं, एक टीव्हीवर बोलिंगचा चेंडू सोडू देतं आणि एक टेबलावर पाचोळ्याचं चित्र पाडतं. हे असं का झालं याचा इतिहास मोठा गमतीशीर आहे. आणि मंडळी, आईवडिलांना दोन विमानं दूर ठेवून इकडे आलेल्या आपल्यासारख्यांना तो जरा टोचणाराही आहे.

सुरुवात यंत्रापासून नाही, एका कुंडीपासून करायला हवी. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत, कनेटिकटमधल्या आर्डन हाऊस नावाच्या नर्सिंग होममध्ये केलेल्या एका साध्या प्रयोगाचा निबंध छापला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमची खोली हवी तशी लावा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि ही रोपटी, हवं ते उचला आणि सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, सिनेमाही दाखवला, पण सगळं कर्मचारी बघतील. पाणीसुद्धा नर्सच घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि मिसळणारी झाली. दीड वर्षानं पुन्हा पाहिलं तेव्हा त्या गटातले ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यातले ४४ पैकी १३. हा आकडा अजूनही व्याख्यानांतून मिरवत असतो. पण १९७८ मध्ये गणितातली चूक दुरुस्त करून छापली गेली आणि मृत्यूंमधला फरक छातीठोकपणे सांगण्याइतका पक्का उरला नाही, हे व्याख्यानात कोणी सांगत नाही. असो. माझ्या मते प्रयोगाचं मोल त्या आकड्यात नाहीच. नर्सिंग होममध्ये माणसाला जेवण, औषध, स्वच्छ चादर सगळं मिळतं, फक्त करायला काही उरत नाही, हे त्या कुंडीनं दाखवून दिलं. पुढची सगळी यंत्रं म्हणजे त्याच कुंडीच्या आवृत्त्या आहेत असं मला वाटतं.

१९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात मेरी फर्लाँग यांनी सीनियरनेट सुरू केलं आणि वयस्कर मंडळी संगणक शिकून एकमेकांशी गप्पा मारू लागली. पण ही माणसं बहुतेक धडधाकट, आपापल्या घरी राहणारी. ज्यांना कालचा दिवस आठवत नाही त्यांच्या हाती कळफलक देऊन काय करणार?

त्याचं उत्तर जपानमधून आलं. म्हाताऱ्यांची संख्या झपाट्यानं वाढतेय, सांभाळायला माणसं नाहीत आणि बाहेरून माणसं आणायची मनाची तयारी नाही, अशी तिथली त्रिशंकू अवस्था. २००० साली जपाननं वृद्धसेवेचा सक्तीचा विमा सुरू केला, तेव्हा ६५ वर्षांवरचे लोक सतरा टक्क्यांच्या आसपास होते. आज ते जवळजवळ २९ टक्के आहेत. त्याच्या कितीतरी आधी, १९९३ मध्ये, ताकानोरी शिबाता या संशोधकानं सरकारी प्रयोगशाळेत एका यांत्रिक प्राण्यावर काम सुरू केलं होतं. तो प्राणी म्हणजे पारो, हार्प सील जातीचं पांढरंशुभ्र पिल्लू.

सीलच का? इथे मला शिबाता यांची अभियांत्रिकी अक्कल फार आवडते. कुत्रा आणि मांजर सगळ्यांनी पाळलेलं असतं, त्यामुळे यांत्रिक कुत्र्याचा खोटेपणा पहिल्या मिनिटात कळतो. सीलचं पिल्लू कोणी मांडीवर घेतलंय? तुलनेला काही नाही, म्हणून तक्रारही नाही. शिबाता त्यासाठी कॅनडातल्या मॅग्डालेन बेटांवर जाऊन खऱ्या पिल्लांचे आवाज टिपून आले. पारोचं वजन २.७ किलो, म्हणजे तान्ह्या बाळाएवढं. स्पर्श, उजेड, आवाज, तापमान आणि आपल्याला कसं धरलंय ते ओळखणारे संवेदक. कुरवाळलं की डोळे मिटतो, नावानं हाक मारली की हळूहळू ते नाव ओळखायला शिकतो. चार्जिंगची वायर तोंडात घालायच्या चोखणीसारखी दिसते! २००५ मध्ये तो जपानमध्ये विक्रीला आला आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला वैद्यकीय उपकरणांच्या दुसऱ्या वर्गात बसवलं. अमेरिकेत किंमत सहा हजार डॉलरच्या घरात, म्हणजे खेळणं नव्हेच.

पण मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो वाडा (आडनाव आहे हो, पुण्यातला वाडा नव्हे) आणि शिबाता यांचा २००७ मध्ये छापलेला प्रयोग. एका आश्रमात सामायिक खोलीतल्या टेबलावर दोन पारो ठेवून दिले, दिवसाचे नऊ तासांहून अधिक. बारा रहिवासी. व्हिडिओ तपासल्यावर दिसलं की लोक सीलशी तर बोलत होतेच, पण त्याच्या निमित्तानं एकमेकांशी बोलणंही वाढलं होतं. आधी खोलीत गप्प बसणारी माणसं टेबलाशी येऊन बसू लागली. गावाकडे पारावर एखादं लहान मूल रांगत असलं की भोवतीच्या चार अबोल म्हाताऱ्यांना विषय मिळतो, तसंच काहीसं.

ज्याच्या पेटीवर कुठेही "वृद्धांसाठी" असं छापलेलं नव्हतं, ते यंत्र मात्र सर्वात झपाट्यानं पसरलं. निन्टेन्डोनं नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत वी नावाचा व्हिडिओ गेम आणला, आणि २००७ मध्ये शिकागोजवळच्या सेजब्रूक या निवृत्तांच्या वसाहतीत बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्याच्या बातम्या आल्या. बघता बघता हे लोण अमेरिकाभर गेलं. बोलिंगच का, टेनिस का नाही? कारण अमेरिकेतल्या त्या पिढीनं तरुणपणी कारखान्याच्या, चर्चच्या संघांतून बोलिंग खेळलेलं होतं. नियम शिकवायचे नाहीत, हात तर आपोआपच मागे जातो. खरा चेंडू सात किलोपर्यंत असतो, तो संधिवाताच्या बोटांना झेपत नाही. वीचा चेंडू वजनरहित. रिमोटमधला त्वरणमापक हाताचा झोका मोजतो, चेंडू सोडायला फक्त एक बटण सोडायचं, आणि चाकाच्या खुर्चीत बसूनही स्ट्राईक मारता येतो. शिवाय एक खेळतो आणि दहा जण मागे बसून टोमणे मारतात. आपल्याकडच्या एखाद्या आजोबांपुढे कॅरम मांडला की बोटं कशी शिवशिवतात ते आठवा. शरीराला जे आठवतं ते डोक्याला आठवावं लागत नाही.

आठवणीवरून स्कॉटलंडची गोष्ट. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डंडी विद्यापीठाचे नॉर्मन आल्म आणि सेंट अँड्र्यूजच्या आर्लीन ॲस्टेल यांच्या गटानं डिमेन्शिया झालेल्यांसाठी सर्का नावाची टचस्क्रीन प्रणाली केली. त्यात जुनी छायाचित्रं, गाणी, चित्रफिती. कोणालाही वाटेल की त्यात घरच्यांचे फोटो घालावेत. त्यांनी मुद्दाम घातले नाहीत. घरचा फोटो समोर आला की तो परीक्षेचा पेपर होतो: "ही कोण सांगा बरं?" उत्तर आलं नाही की दोघांचेही चेहरे पडतात. जुना बाजार, ट्राम, नाचाचा हॉल यांच्या फोटोला बरोबर-चूक उत्तर नसतं, त्यामुळे गोष्ट निघते. ॲस्टेल यांच्या पुढच्या अभ्यासात तसंच दिसलं: अशा सर्वसाधारण फोटोंवरून जास्त गोष्टी सांगितल्या गेल्या. हे वाचल्यापासून घरी फोन केला की "ओळखलंत का?" असं विचारणं मी बंद केलं आहे. (तुम्हीही करून बघा.)

इथे हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या हेस्टर ले रीश यांनी स्मृतिभ्रंशातली उदासीनता, नुसतं बसून राहणं, हाच आपल्या पीएचडीचा विषय केला. त्यातून २०१५ च्या सुमारास "टोवरटाफेल", म्हणजे जादूचं टेबल, बाजारात आलं. छतावरचा प्रोजेक्टर जेवणाच्या टेबलावर प्रकाशाचे खेळ पाडतो: झाडून काढायचा पाचोळा, हात लावला की पळणारे मासे. एकदा विकांताला ते चालू असताना बघायचा योग आला. एक आजी पानं झाडत होत्या आणि शेजारच्या आजोबांकडे, त्यांच्या बाजूचा कचरा तसाच पडला म्हणून, रागानं बघत होत्या. आजोबांनी निमूटपणे हात फिरवला. झाडण्याची हुकमत कुठल्याही देशात सारखीच!

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो यांनी रोखठोक लिहिलं की यंत्र माया करू शकत नाही, आणि ते करतं असा समज करून देणं ही फसवणूक आहे. एमआयटीच्या शेरी टर्कल यांनी २०११ च्या पुस्तकात हाच मुद्दा पारोवर रोखला: आजी सीलला दुःख सांगतात, पण ऐकणारं कोणी नसतं. परिणामांचे आकडेही फार काही चढत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या २८ संस्थांमधल्या ४१५ जणांवर झालेला, २०१७ मध्ये छापलेला वेंडी मॉइल यांचा अभ्यास हा यातला मोठा. त्यांनी एका गटाला चालू पारो दिला, एकाला बंद केलेला, म्हणजे नुसतं मऊ खेळणं, आणि एका गटाची सेवा नेहमीसारखीच ठेवली. चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त बघितलं. पण इतर काही मोजमापांत बंद पारोनंही जवळपास तेच काम केलं. सहा हजार डॉलरच्या संवेदकांवर काम करणाऱ्या माणसाला हे वाचून कसं वाटतं ते विचारू नका.

२०२० मध्ये हा वाद एकाएकी पुस्तकाबाहेर आला. करोनात देशोदेशीच्या आश्रमांची दारं नातेवाइकांना बंद झाली आणि टॅब्लेट हाच भेटीचा मार्ग उरला. पण टॅब्लेट धरायला, बटण दाबायला, कानाशी ओरडून सांगायला एक कर्मचारी लागायचाच, आणि नेमके तेच कमी होते. आपल्यातल्या अनेकांचे आईवडील आता पुण्या-ठाण्यातच नव्हे, तर लहान गावांतल्या वृद्धाश्रमांतही आहेत; तिकडची गत वेगळी नव्हती. ज्या स्काइपवर आपली सगळी पिढी आईशी बोलली, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. पंच्याहत्तरीच्या माणसाला नवीन चौकोन कुठे दाबायचा ते फोनवरून शिकवण्याचा अनुभव तुम्हीही घेतला असेल.

जेम्स राइट या मानववंशशास्त्रज्ञानं जपानमधल्या एका आश्रमात ठाण मांडून हेच जवळून पाहिलं. त्याचं पुस्तक २०२३ मध्ये आलं. माणूस उचलणारं यंत्र तिथे काही दिवसांतच कोपऱ्यात गेलं, कारण ते खोलीखोलीत ढकलत न्यायला वेळ जायचा. पारोवर तर सतत लक्ष ठेवावं लागे: एक रहिवासी त्याची कातडी सोलायला बघायचा, आणि एका बाईंनी त्याचा इतका लळा लावून घेतला की तो शेजारी नसेल तर त्या जेवेनात, झोपेनात. काम वाचवायला आणलेल्या यंत्रानं काम वाढवलं.

आणि लळा लागल्यावर यंत्र बिघडलं तर? १९९९ मध्ये सोनीनं अडीच लाख येनला आयबो हा यांत्रिक कुत्रा आणला, तेव्हा जपानमधले ३००० नग वीस मिनिटांत संपले. सेंट लुईसच्या नर्सिंग होम्समध्ये झालेल्या, २००८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात खऱ्या कुत्र्याइतकाच आयबोनं एकटेपणा कमी केल्याचं दिसलं. पण तोवर सोनीनं उत्पादन थांबवलंही होतं, २००६ मध्येच. २०१४ मध्ये अधिकृत दुरुस्तीही बंद झाली. मग सोनीतून निवृत्त झालेले काही अभियंते पुढे आले आणि मेलेल्या आयबोंचे सुटे भाग काढून जिवंत आयबोंना बसवू लागले. भाग काढण्याआधी चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी देवळात भटजी मंत्र म्हणतात, धूप लावतात आणि प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात त्याच्या घरच्यांच्या नावाची चिठ्ठी असते. २०१८ पर्यंत असे आठशेच्या आसपास अंत्यविधी झाले होते.