हृदयनिकास व हृद्‌रोहिणी-प्रवाह : नियमनविषयक संशोधनाचा इतिहास

हृदयाच्या एका निलयातून (खालच्या कप्प्यातून) दर मिनिटास बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताच्या घनफळास ‘हृदयनिकास’ म्हणतात. विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्तीत तो सु. ५ लिटर असतो व कठोर श्रमात २० ते २५ लिटरपर्यंत वाढू शकतो. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांना ‘हृद्‌रोहिण्या’ म्हणतात. विश्रांतीच्या वेळी निकासाच्या सु. ४ ते ५ टक्के रक्त त्यांतून वाहते. हे दोन्ही प्रवाह मुख्यत्वे ऊतकांच्या (समान कार्य करणाऱ्या कोशिकासमूहांच्या) गरजेनुसार बदलतात. माणसाच्या इच्छेचा त्यांवर प्रत्यक्ष ताबा नसतो. हे ज्ञान सु. तीन शतकांत हळूहळू सिद्ध झाले. त्याच्या पडताळणीत व वैद्यकीय उपयोगात महाराष्ट्रातील संशोधकांचाही वाटा आहे.

मापनाचा प्रारंभ : विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त शरीरातील एकूण रक्तापेक्षा अधिक भरते, तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. निकास मोजण्याचे तत्त्व मात्र आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये दिले. शरीर दर मिनिटास २५० मिलि. ऑक्सिजन वापरीत असेल आणि प्रत्येक लिटर रक्त ऊतकांना ५० मिलि. ऑक्सिजन देत असेल, तर मिनिटास ५ लिटर रक्त वाहिले पाहिजे. यासाठी हृदयाच्या उजव्या भागातील रक्ताचा नमुना लागतो. व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हातातील नीलेतून हृदयापर्यंत नळी नेऊन तो मार्ग दाखविला. आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी ही पद्धती रुग्णांच्या तपासणीत रुजविली. या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नियमन : ओटो फ्रांक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९१४ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, निलय जितका अधिक भरतो तितके त्याचे आकुंचन, ठराविक मर्यादेपर्यंत, अधिक जोरदार होते. म्हणजे नीलांतून जेवढे रक्त परत येते तेवढे हृदय पुढे ढकलते. आर्थर गायटन यांनी १९५५ च्या सुमारास नीलांतून होणाऱ्या या परतीच्या प्रवाहाचे गणिती विवेचन केले. याखेरीज अनुकंपी तंत्रिका हृदयाची गती व जोर वाढवितात, तर प्राणेशा तंत्रिका गती मंदावते. ग्रीवा रोहिणीतील दाबसंवेदी केंद्रे रक्तदाबाची वार्ता लंबमज्जेस पुरवितात आणि तीनुसार या तंत्रिकांचे कार्य कमीअधिक होते.

हृद्‌रोहिणी-प्रवाह : विश्रांतीतही हृद्‌स्नायू आपणाकडे येणाऱ्या रक्तातील सु. ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे श्रमाच्या वेळी वाढीव ऑक्सिजन मिळविण्याचा मुख्य उपाय म्हणजे प्रवाह वाढविणे हाच उरतो. डाव्या निलयाच्या आकुंचनकाळात त्यातील वाहिन्या दाबल्या जातात व त्याला बहुतांश रक्त प्रसरणकाळात मिळते. म्हणून नाडी अतिशय जलद झाली की, गरज वाढत असतानाच पुरवठ्याचा काळ आखडतो. ॲडिनोसीन हे वाहिन्या रुंदावणारे स्थानिक द्रव्य असावे, असे रॉबर्ट बर्न यांनी १९६३ मध्ये सुचविले. वाहिन्यांचा अंतःस्तरही त्यांना शिथिल करणारा पदार्थ स्रवतो, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखविले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे सिद्ध झाले. आज नियमनाचे श्रेय कोणा एकाच द्रव्याला दिले जात नाही.

योगविषयक प्रयोग : योगी इच्छेनुसार हृदय थांबवू शकतात, ही समजूत भारतात जुनी आहे. योगक्रियांच्या परिणामांचे मापन करण्याचा पद्धतशीर प्रयत्न स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी लोणावळ्यास १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेत सुरू झाला. तेथे आसनांचा रक्तदाबावरील परिणाम मोजून निष्कर्ष योगमीमांसा  या नियतकालिकात प्रसिद्ध करण्यात आले. फ्रेंच संशोधिका तेरेझ ब्रॉस यांनी १९३५ मध्ये भारतात योग्यांचे विद्युत् हृल्लेख घेतले व त्यांवरून हृदयावर ऐच्छिक ताबा शक्य असल्याचे मत मांडले. एम. ए. वेंगर, बी. के. बागची व बी. के. आनंद यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याचा उलगडा झाला. प्रयोगाच्या वेळी मनगटाची नाडी लागेनाशी होई व हृदयध्वनीही ऐकू येत नसत. परंतु विद्युत् हृल्लेखात ठोके चालूच दिसत. श्वास रोखून छाती व उदर यांचे स्नायू आवळल्याने छातीतील दाब वाढतो, नीलांतून परतणारे रक्त अडते आणि निकास घटतो. हृदय थांबलेले नसते, त्याला पुरेसे रक्त मिळत नसते. अशा रीतीने स्टार्लिंग यांच्या नियमाचाच हा दाखला ठरला.

मुंबईतील कार्य : रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयातील रक्तदाबाधिक्याच्या रुग्णांवर सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळाचा उपयोग करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल  मध्ये निबंध प्रसिद्ध केला व जगाचे लक्ष या औषधीकडे वेधले. तीतील रेसर्पीन हे द्रव्य १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. ते अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनाचा साठा रिता करते. परिणामी वाहिन्या शिथिल होतात व हृदयगती मंदावते. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. याच रुग्णालयाशी संबंधित के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाधिक्याच्या ४७ रुग्णांवरील शवासनाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांचा रक्तदाब उतरला व काहींची औषधाची गरज घटली.

नैराश्यासारख्या दुष्परिणामांमुळे व अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्याने रेसर्पिनाचा वापर मागे पडला आहे. तथापि तंत्रिकांच्या द्वारे होणाऱ्या नियमनात औषधाने हस्तक्षेप करता येतो, हे त्याने प्रत्यक्ष उपचारात दाखवून दिले. हृदयाला थेट आज्ञा देता येत नाही. परंतु श्वसन, विश्रांती व औषध यांच्या मार्गाने त्याच्या कार्यावर परिणाम घडविता येतो, हे लोणावळा व मुंबई येथील कार्यावरून स्पष्ट होते.