आल्फांद

बेंगळुरूहून रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघाले, सकाळी लोंढ्याला उतरले आणि जीपने कॅसलरॉकला पोचले, तेव्हा धुकं अजून रुळांवर बसून होतं. डिसेंबर. बेंगळुरूच्या थंडीचं आम्हाला केवढं कौतुक. पण ही थंडी ओली, झाडांतून टपकणारी. लांबलचक फलाटावर माणसं चार. चहावाल्याने कोकणीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, पैसे त्याने कानडीत मोजले.

मी आले होते एका शब्दासाठी. एका कोकणी लेखाचा मराठी अनुवाद करताना ‘आल्फांद’पाशी अडले. कोशातला अर्थ सोपा आहे : सीमाशुल्क कचेरी, जकात. पण हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेला. तिचं माहेर मडगाव, सासर बेळगाव. माहेरची वाट याच घाटातून. वर कॅसलरॉकला ‘कष्टम’, खाली कुळ्याला ‘आल्फांद’. माहेरून परतताना ती एकावर एक दोन लुगडी नेसायची, एवढंच हसत सांगायची.

या वाटेचा इतिहास थोडा विचित्र आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधली जकात उठवायची, गोव्यातल्या मिठावर ब्रिटिशांचं नियंत्रण राहील, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळतील आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे होईल. गोव्यातल्या मीठवाल्यांचं त्यात काय झालं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रूळ १८८८ मध्ये कॅसलरॉकला येऊन भिडले. इथून कुळ्यापर्यंत सुमारे २६ किलोमीटरचा उतार, चढ ३७ला १, बोगद्यांमागून बोगदे, मध्ये दूधसागर. आणि १८९२ च्या जानेवारीत कराराची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. जकात नसलेल्या सीमेसाठी घातलेल्या रेल्वेवर चार वर्षांत जकात परत आली. घाटमाथ्यावरच्या या निर्जन ठिकाणाला महत्त्व आलं ते त्यामुळे : इथे गाडी थांबायची, ट्रंका उघडायच्या.

खाली कुळ्याला माणसंही अडवली जात. सप्टेंबर १९४६ मध्ये राममनोहर लोहिया पुन्हा गोव्यात निघाले, तेव्हा त्यांना तिथेच अटक झाली. १५ ऑगस्ट १९५५ ला ठिकठिकाणांहून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर रेल्वे बंद झाली. नाकेबंदीचा इतिहास आपण दिल्ली आणि लिस्बनच्या बाजूने वाचतो. आजीच्या बाजूने तो असा : १९५८ मध्ये तिची आई गेली, आणि निरोप बेळगावला पोचला तो तेरावा उलटून गेल्यावर. एकेकाळी एका दिवसाची वाट. सुतक कसलं धरायचं, हे घरात कुणाला कळेना. तिने आंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पुढे गाडीही सुरू झाली. आजी त्या गाडीने गेली का, हे मी तिला कधी विचारलंच नाही.

म्हणून ‘जकात’ लिहवेना. जकातीला आपल्याकडे नगरपालिकेच्या नाक्याचा, ट्रकच्या धुराचा वास आहे. गंमत म्हणजे दोन्ही शब्द मुळात अरबी. एक फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरा लिस्बनला वळसा घालून. अरबीत ‘फुंदुक’ म्हणजे प्रवाशांनी उतरायची जागा, सराई. पोर्तुगिजांकडे तिची चौकी झाली.

मीटरगेजचे रूळ नव्वदीच्या दशकात गेले. आता इंजिनं मालगाड्यांना मागून रेटत वर आणतात. तशी एक धुक्यातून आली, माझ्यासमोर थांबली. इंजिनवाल्याने खाली उतरून चहा घेतला. कुणी काही उघडून दाखवा म्हटलं नाही. बाकावर बसून मी हस्तलिखितातला ‘जकात नाका’ खोडला, वर ‘आल्फांद’ लिहिलं. संपादक तळटीप मागतील. परतीची जीप अकराला होती.